एका खाचेची नळी

कारखान्यात माझं टेबल शटरजवळ आहे. टेबलाच्या उजव्या हाताला हिरवा क्रेट, आणि डाव्या हाताला, जरा लांब, लाल डबा. लेथवरून बुश येतात, म्हणजे लोखंडाच्या जाड, आखूड नळ्या. गाडीच्या कुठल्याशा सांध्यात त्या बसवतात म्हणे. मी प्रत्येकीच्या भोकात गेज, म्हणजे मापाची दांडी, घालते. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर माल हिरव्यात, नाहीतर लाल डब्यात. दिवसभर हेच. सातवीत शाळा सुटलेल्या, परभणीकडून आलेल्या बाईला याहून इज्जतीचं काम चाकणला मिळालं असतं असं मला वाटत नाही.

लाल डबा लांब असल्यामुळे मला एक खोड लागली होती. नापास बुश मी उठून टाकायची नाही. बसल्या जागेवरून, हातातल्या मालावरची नजर न काढता फेकायची, आणि ती बरोबर डब्यात पडायची. एकदा शटरमधून आत येताना मॅडमनी ते पाहिलं. मॅडम म्हणजे कारखान्याच्या मालकीण. साठीच्या, पांढरे केस आखूड कापलेल्या, आणि आवाज असा की चार लेथ चालू असल्या तरी ऐकू यावा. माल फेकायला आमच्याकडे सक्त मनाई आहे. मी उभी राहिले, ओढणी सारखी केली आणि मनात म्हटलं, गेली नोकरी.

"परत टाक," मॅडम म्हणाल्या.

"चुकलं मॅडम. पुन्हा नाही होणार."

"अगं, टाक म्हणते ना!"

मी टाकली. पडली डब्यात.

"गुरुवारी काय करतेस?"

आमच्या पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. नवरा ट्रेलरवर, तो महिन्यातला निम्मा वेळ रस्त्यावर. मी मोशीच्या खोलीत धुणं धुते आणि गावाकडे बहिणीला फोन करते. तसं सांगितलं.

"धुणं सकाळी लवकर उरक," मॅडम म्हणाल्या. "मी गाडी घेऊन येते."

कशाला, ते मी विचारलं नाही. ज्या बाईनं माझं शिक्षण न विचारता माझे हात बघून मला टेबलावर बसवलं, तिला कशाला म्हणून विचारायचं, असं मला वाटायचं. माझ्या सगळ्या गोष्टीची सुरुवात या न विचारण्यातूनच आहे.

चाकणच्या पुढे, एका बंद पडलेल्या दगडखाणीत मॅडमचा बंदुकीचा क्लब आहे. तिथं कुणी जनावर मारत नाहीत, पाखरू मारत नाहीत. एक यंत्र असतं, ते उपड्या बशीएवढी नारिंगी ताटली हवेत भिरकावतं, आणि बंदूकवाल्यानं ती खाली पडायच्या आत फोडायची. एवढाच खेळ. तेवढ्यासाठी एवढी मोठी माणसं एवढ्या लांब येतात हे बघून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. मग मॅडमनी माझ्या खांद्याला बंदूक लावली, "मागं ढकलेल, पाय घट्ट रोव" म्हणाल्या, आणि मी चाप ओढला. ताटली तशीच पुढं जाऊन दगडावर आपटली. पण माझ्या छातीत काहीतरी उघडलं. घरी आल्यावर मी आरशात खांदा बघितला. लाल झाला होता. मला तो लालपणा आवडला.

क्लबची कागदपत्रं, पोलिसांचे दाखले, डॉक्टरचं प्रमाणपत्र, सगळं मॅडमनी केलं. नवशिके दोघंच होतो. मी आणि आकुर्डीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा. क्लबची एकच बंदूक आम्ही आळीपाळीनं वापरायचो. आमच्यावर देखरेख सुभेदारांची. ते फौजेतून निवृत्त झालेले, इथल्याच जुन्या गावचे. त्यांना सगळे काका म्हणायचे. बंदूक उघडी धरली नाही, नळीचं तोंड जमिनीकडे ठेवलं नाही, की काका नुसते बघायचे. ओरडायचे नाहीत. त्या बघण्यानंच आम्ही नळी खाली करायचो.

चोक काय असतो ते मॅडमनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. आमच्याकडे मोरी तुंबली की चोक झाली म्हणतात, त्यामुळे मला आधी वाटलं बंदुकीत काहीतरी अडकलंय. मॅडम हसल्या.

"तसं नाही गं. काडतुसात एक गोळी नसते, शेकडो बारीक छर्रे असतात, मोहरीसारखे. नळीतून सुटले की ते पसरत जातात. आता, नळीच्या तोंडाशी आत ही छोटी नळी पिळून बसवायची. ती जेवढी आवळलेली, तेवढे छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात. मोकळी असली की लवकर पसरतात. लग्नात अक्षता टाकतेस ना? मूठ आवळून जोरात फेकल्या तर एकाच्याच डोक्यावर पडतात. हात सैल सोडून उधळल्या तर चार रांगांवर पडतात. हा चोक."

"हो मॅडम."

"नवशिक्याला मोकळी नळी लावायची. आपल्या ताटल्या जवळून जातात. छर्रे पसरलेले असले म्हणजे नेम वीतभर चुकला तरी ताटली सापडते. घट्ट नळी लांबच्या ताटलीला, आणि ज्याचा हात बसलाय त्याला. समजलं?"

"हो मॅडम."

खरं तर अक्षतांपर्यंत समजलं होतं. पुढचं कानावरून गेलं, कारण मी वीतभर या शब्दापाशीच अडकले. माझ्या टेबलावर केसाएवढी चूक माफ नाही आणि इथं वीतभर चालते? हे ऐकून मला बरं वाटण्याऐवजी लाज वाटली. लहान मुलाच्या सायकलला मागं दोन जादा चाकं लावतात, तसं काहीतरी मला देतायत असं वाटलं. पण बोलायचं काय? ज्यांनी दिलं त्यांनाच कसं म्हणायचं?

मग मॅडमनी आणखी एक गोष्ट केली. क्लबच्या छोट्या नळ्यांचा डबा काकांकडून घेतला आणि माझ्या हातात दिला. "काका, आजपासून हे हिच्याकडे. पुसणं, तेल लावणं, बसवणं, सगळं. मापाचं काम आहे, आणि माप हिच्याइतकं आमच्या कारखान्यात कुणाला कळत नाही."

"बरं झालं," काका म्हणाले. "माझ्या डोळ्यास्नी त्या खाचा दिसत न्हाईत आता."

डबा निळ्या प्लॅस्टिकचा, आत स्पंजात खोचलेल्या नळ्या, प्रत्येक मापाची जोडी, कारण बंदुकीला एकावर एक दोन नळ्या असतात. त्यांच्या कडेला बारीक खाचा कोरलेल्या होत्या. एका जोडीला एक खाच, दुसरीला दोन, असं करत पाचापर्यंत. बाजूला इंग्रजी अक्षरंही होती, पण झिजलेली, आणि मला ती पटकन लागत नाहीत. खाचा मात्र लागल्या. खाचा माझ्या रोजच्या होत्या. आमच्या कारखान्यात बुशच्या भोकाच्या तीन प्रती असतात. सगळ्यात मोकळ्या भोकाला कडेला एक खूण, त्याहून घट्ट असेल तर दोन, सगळ्यात घट्ट असेल तर तीन. वर्षानुवर्षं हात तेच सांगत आलाय. मॅडम म्हणाल्या होत्या मोकळी. मी एका खाचेची जोडी काढली, तेलाचं बोट फिरवलं आणि किल्लीनं बसवली. छान बसली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. या सगळ्या इंग्रजी बोलणाऱ्या, गाड्यांतून येणाऱ्या माणसांत एक वस्तू अशी होती जी मला कुणी न शिकवता आली.

त्यानंतर मी चुकायला लागले.

आधी मॅडमच्या बंदुकीनं का होईना, एखाद-दुसरी फुटायची. आता ताटल्या सरळ निघून जायच्या, यंत्रातून सुटून समोरच्या उतारावर पडेपर्यंत शाबूत. कधीतरी, अगदी कधीतरी, एखादी लागायची आणि मग तिचा तुकडासुद्धा खाली पडायचा नाही. हवेत नुसता नारिंगी धूर. तेव्हा इंजिनिअरिंगवाला टाळ्या पिटायचा. "ताई, काय उडवलीत! पावडर!" काका मात्र डोकं खाजवायचे. "ह्या बाईचं आन् ह्या पोराचं एक इचित्र हाय. लागली तर धूळ, न्हाईतर काहीच न्हाई. मधलं कायच न्हाई." आणि पुढच्या ताटलीचं बटण दाबायचे.

मॅडमनी माझ्यासाठी काय केलं नाही! आधी माझे पाय बदलले. मग मान. मग कुठला डोळा जोराचा आहे ते बघायला हाताच्या पंजांतून दूरच्या झाडाकडे बघायला लावलं. बंदुकीच्या दस्त्याला गालाशी चामड्याची पट्टी चिकटवली. ताटलीच्या पुढं बघ, म्हणाल्या. मग मागं बघ, म्हणाल्या. एका गुरुवारी तर क्लबला न जाता चिंचवडला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेल्या. तिथं मला भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. अक्षरं दिसत होती, पण नावं चटकन येईनात, आणि दुकानदाराला वाटलं दिसतच नाहीत. मॅडमनी हळूच त्याला आकड्यांचा तक्ता लावायला सांगितला. मला तेव्हा जमीन फाटली असती तर बरं झालं असतं. नंबर निघाला अगदी थोडा. तरी मॅडमनी पिवळ्या काचेचा एक चष्मा घेऊन दिला.

दर वेळी काही नवीन केलं की मॅडम आशेनं बघायच्या, आणि मी चुकायची. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला सोसलं असतं. त्या म्हणायच्या, "काही नाही, पुढच्या वेळी." ते पुढच्या वेळी मी घरी घेऊन यायची. स्वयंपाक करताना, आंघोळ करताना, गेज फिरवताना. वाटायचं, बसल्या जागी बुश फेकणं ही माझी लायकी. तेवढंच बघून मॅडम फसल्या.

बहिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "काय करायलीस गं तिकडं? सुट्टीच्या दिवशी ताटल्या फोडायलीस?"

"फुटतच नाहीत."

"मग चांगलंय की. घरच्याच फोड दोन, सवय होईल." आणि हसत सुटली. मीही हसले.

तो इंजिनिअरिंगवाला माझ्याइतकाच चुकायचा, पण त्याला त्याचं काही नव्हतं. चुकला की बंदूक उघडून तिच्याकडे शाळेतल्या मास्तरासारखा बघायचा. एकदा तो म्हणाला, "ताई, मी सांगतो, ही बंदूकच खराब आहे."

मला राग आला. एक तर बंदूक क्लबची, म्हणजे मॅडमची. आणि दुसरं, लेथवरचे ऑपरेटर मला हेच ऐकवतात. माल नापास केला की म्हणतात, तुमचं गेज खराब असेल. मी त्याला चांगलं सुनावलं. "हे बघ भाऊ, हत्याराला दोष देऊ नये. हत्यार खोटं बोलत नाही. चुकतो तो हात. कॉलेजात हे शिकवत नाहीत का?"

तो बिचारा "सॉरी ताई" म्हणाला. काका लांबून म्हणाले, "बरूबर बोलली." मला त्या दिवशी घरी जाताना जरा ताठ वाटलं होतं. ते आठवलं की आजही मी मान खाली घालते, खोलीत कुणी नसलं तरी.

उन्हाळ्याच्या तोंडावर काकांनी आम्हाला दोघांना बाकावर बसवून घेतलं. बंदूक एक, नवीन लोक शिकायला थांबलेले, आणि आम्ही दोघं पुढं सरकत नाही. "पुढच्या गुरवारी दोघांनी एकेक फेरी मारायची. पंचवीस ताटल्या. निम्म्या तरी फोडा. न्हाई फुटल्या तर जागा दुसऱ्याला द्यावी लागंल. मला बी वाईट वाटतंय, पर कमिटीचं हाय."

मॅडम तिथंच उभ्या होत्या. "हिची जबाबदारी माझी, काका. मी शब्द देते, ही फोडेल."

त्यांनी तसं म्हणायला नको होतं. माझी जागा गेली असती तर मी रडून गप्प बसले असते. पण आता त्यांचा शब्द माझ्या हातात होता, आणि माझ्या हातांवर माझाच भरवसा उरला नव्हता. तो आठवडा मी टेबलावर एकही बुश फेकली नाही. प्रत्येक वेळी उठून, चालत जाऊन लाल डब्यात ठेवली. लेथवरचा एकजण म्हणाला, "काय ताई, नेम गेला का?" गमतीनंच म्हणाला तो.

त्या गुरुवारी चाकणच्या चौकात नेहमीची कोंडी होती, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा इंजिनिअरिंगवाला आधीच आलेला. त्यानं फ्रिजच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा आणला होता आणि त्याच्या मधोमध स्केचपेननं ताटलीएवढा गोल काढला होता. "काका, फेरीच्या आधी एक परवानगी द्या. या पुठ्ठ्यावर एकच बार काढू दे. बंदुकीचा निकाल लागू दे." माझ्याकडे बघून म्हणाला, "सॉरी ताई, पण माझा अजून संशय जात नाही."

मी नळ्या बसवून, पुसून बंदूक त्याच्या हातात दिली.

काकांनी पुठ्ठा खाणीच्या भिंतीला टेकवला. त्यानं नीट नेम धरून बार काढला. आम्ही सगळे चालत गेलो. गोलाच्या जरा डावीकडे एक भोक पडलं होतं, फाटलेलं, वाटीएवढं. आजूबाजूला चार-दोन ठिपके. बाकी एवढा मोठा पुठ्ठा कोराच्या कोरा.

"एवढंच?" तो म्हणाला.

काका खाली वाकले. बोटानं भोकाची कड चाचपली. "ह्ये मोकळ्या नळीचं न्हाई," ते हळू म्हणाले. "ह्यानं तर मी बी चुकंन."

मॅडमनी त्याच्या हातातली बंदूक घेतली, उघडली, आत काडतूस नाही ते दोनदा बघितलं आणि नळीचं तोंड उजेडाकडे धरलं. कडेवर अंगठा फिरवला.

"ही कुणी बसवली?"

"मी, मॅडम. मोकळी बसवलीये. एका खाचेची."

खाणीच्या वरच्या रस्त्यावरून एक ट्रेलर गियर बदलत चढत होता.

"एक खाच म्हणजे सगळ्यात घट्ट," मॅडम म्हणाल्या. "पाच म्हणजे मोकळी. इथं उलटं असतं."

"आपल्याकडे एक खूण म्हणजे..." मी सुरुवात केली. माझं मलाच ऐकू आलं, हे लेथवाल्यासारखं बोलणं. मी थांबले.

इंजिनिअरिंगवाल्यानं ओठ दाबून धरले होते. मग त्याला राहवलं नाही. "ताई! म्हणजे मी म्हणत होतो ते... हत्याराला दोष देऊ नये, ना?" आणि तो हसला. वाईट नाही हसला. सुटल्यासारखा हसला, इतके दिवस त्याला स्वतःबद्दल वाटलेलं ओझं उतरल्यासारखा. काकाही हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला एकच शब्द विचारला.

"मापलीस?"

मी नाही म्हणाले. म्हणजे मान हलवली.

घट्ट नळी आणि मोकळी नळी यांच्यात जेमतेम एक मिलिमीटरचा फरक असतो, हे मला नंतर कळलं. बंदूकवाल्यांना तो बारीक वाटतो. माझ्या टेबलावर एक मिलिमीटर म्हणजे सताड उघडं दार. गेज लागत नाही त्याला, करंगळी घातली तरी कळतं. माझ्या पिशवीत, टिफिनच्या शेजारी, बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर पडलेलं असतं. मी रोज कितीतरी माणसांना सांगते की खुणेवर जाऊ नका, खूण कुणीही मारतं, माप बघा. इंग्रजी येत नाही याची मला लाज वाटत आलीये, चष्म्याच्या दुकानातली लाज तर होतीच, पण त्या लाजा मी लहानपणापासून वागवतेय, त्यांची सवय झालीये. ही नवीन होती. एवढी एकच गोष्ट मला येते म्हणून मॅडमनी तो डबा दिला होता, आणि तिथंच मी न मापता पास केलं होतं. माझ्या पायांवर, माझ्या मानेवर, माझ्या डोळ्यांवर त्यांनी इतके गुरुवार घालवले. दोष माझ्या बोटाखाली होता, दर वेळी तेल लावून मीच तो बसवत होते.

"चला," काका म्हणाले. "फेरी तर मारायची हाय. योग्य नळी लावा."

मी किल्ली लावली. दोनदा निसटली. एका खाचेच्या नळ्या काढल्या, पाच खाचांच्या घेतल्या, आणि बसवण्याआधी एकीत बोट घातलं. मग दुसरीत. कळलं. डोळे मिटूनसुद्धा कळलं असतं.

आधी तो गेला. त्याच्या ताटल्या फुटायला लागल्या, धूर नाही, खापरांसारखे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला तो स्वतःशीच "अरे वा!" म्हणत होता. निम्म्याहून किती जास्त फोडल्या, मी मोजल्या नाहीत. मग मी उभी राहिले. पहिली ताटली उजवीकडे गेली. मी बार काढला आणि ती दोन तुकडे होऊन खाली आली, भाकरी मोडावी तशी. मी बघतच राहिले. मागून काका म्हणाले, "लागली. टिकलीएवढा तुकडा उडाला तरी लागलीच म्हनायची. पुढची."

पुढची चुकले. त्याच्या पुढचीही. अंगात सगळ्या दुरुस्त्या भरल्या होत्या. मान इकडे, पाय तिकडे, ताटलीच्या पुढं बघ, मागं बघ. घट्ट नळीचे चुकलेले बार बघून मॅडमनी सांगितलेल्या त्या दुरुस्त्या, आणि मी त्या सगळ्या इमानानं पाठ केल्या होत्या. पिवळ्या चष्म्यात वाफ धरली. कान तापलेले. मॅडम मागं कुठं उभ्या आहेत ते मला न वळता कळत होतं. शेवटच्या काही ताटल्या मला नीट आठवतही नाहीत. निम्म्या झाल्या नाहीत. दोन-तीन कमी पडल्या.

काकांनी टोपी काढली, परत घातली. "बोला मॅडम. तुमचा शब्द हाय."

मॅडम आता माझी बाजू घेतील, असं मला वाटलं. नळीचं सांगतील, चूक कशी झाली ते सांगतील, आणि काका ऐकतील, कारण मॅडमचं सगळे ऐकतात. आणि मी आणखी एका उपकाराखाली जाईन. पण मॅडम म्हणाल्या, "शब्द माझा होता. पण नळी मीही बघितली नाही, त्यामुळे मला बोलायला तोंड नाही. तिलाच विचारा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. तेच ते, न ओरडता बघणं.

खरं तर "चालेल काका, द्या जागा दुसऱ्याला" हे वाक्य माझ्या ओठावर तयार होतं. तेवढं म्हटलं असतं की सुटले असते. गुरुवारी धुणं धुतलं असतं. पण खांद्यावर नुकताच बसलेला बार अजून गरम होता, आणि ती दोन तुकडे झालेली ताटली डोळ्यांपुढून जात नव्हती.

"काका, मला पहिल्या दिवशीच समजलं नव्हतं," मी म्हणाले.

"काय समजलं नव्हतं?"

"चोक. अक्षतांपर्यंत समजलं. पुढं मी नुसतं हो म्हणाले."

"मंग?"

"परत सांगा. पहिल्यापासून."

इंजिनिअरिंगवाला बुटांकडे बघत म्हणाला, "काका, मलाही सांगा. मलाही नव्हतं समजलं. मी गूगल केलं होतं."

काका खो-खो हसले. "दोघं बी हो-हो मंडळातले!" मग पुठ्ठा उलटा केला, त्याची कोरी बाजू पुढं आणली. "आणा तो डबा हिकडं. एकेक नळी लावायची आन् एकेक बार. डोळ्यानी बघा आता. जागेचं पावसाळ्यापत्तूर बघू, कमिटीला मी सांगतो."

त्या दुपारी आम्ही पुठ्ठा फाडून फाडून त्याच्यावर बार काढले. पाच खाचा, चार, तीन. पाच खाचांचे छर्रे एवढे पसरले होते की मी हात लांब करून कडा दाखवल्या. वीतभर चूक म्हणजे काय, ते मला तेव्हा दिसलं. ती कुणी दिलेली माफी नव्हती. ताटली पळत असते आणि माणूस उभा असतो, त्या दोघांमधलं ते अंतर होतं. मॅडम शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, आणि मी पहिल्यांदाच मधेमधे "थांबा, परत" म्हणत होते. त्या प्रत्येक वेळी थांबल्या.

येताना गाडीत डबा माझ्या मांडीवर होता. इंद्रायणीचा पूल ओलांडल्यावर मी म्हणाले, "मॅडम, डबा काकांना परत देऊ का?"

"का?"

"असंच."

"असंच काही नसतं. तुझ्याकडेच ठेव."

डबा माझ्याकडेच आहे. आता मी प्रत्येक नळी व्हर्नियरनं मापूनच बसवते, खाच बघत नाही. निम्म्याहून जास्त ताटल्या आता फुटतात, बहुतेक दोन तुकड्यांत, कधी नुसता टिकलीएवढा तुकडा उडतो. पण एक गोष्ट तेव्हापासून सुरू झाली आहे. मी नळ्या बसवून बंदूक दिली की मॅडम काही न बोलता ती उजेडाकडे धरतात, कडेवर अंगठा फिरवतात, ओठांतल्या ओठांत पाच मोजतात आणि मग मला परत देतात. दर गुरुवारी. मी मापलंय हे मला सांगायचं असतं, पण सांगत नाही. कान तापतात, तेवढे तापू देते.

शुक्रवारी टेबलावर बसले की लेथवरचा ऑपरेटर त्याची बुश आणून ठेवतो, आणि मी गेज उचलताच तो तोंड दुसरीकडे करतो. आधी मला वाटायचं, त्याला माझा राग येतो. हल्ली त्याचे कान तापलेले दिसतात.

आता मी गेज जरा हळू घालते.